भाऊबीजेला जायचं कुठे?

आमच्या सल्ला केंद्रात दोन वर्षांपूर्वी एक बाई आली होती. तिचं नाव-गाव सांगत नाही. तशी गरजही नाही, कारण तुमच्यातली जी कुणी अशा केंद्रात बसून काम करते तिला ती भेटलेली असणारच. वय चाळिशीच्या आसपास, पदरी दोन मुली, नवऱ्याने घराबाहेर काढलेली. भावाच्या घरी पडवीत राहत होती आणि वहिनीच्या हाताखाली राबत होती. आठ वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन तिने आणि तिच्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली होती. त्या दिवशी भावाने दोघींना हॉटेलात जेवण घातलं, एकेक साडी घेतली, एस.टी.त बसवून दिलं. आता तिचा प्रश्न एवढाच होता : "ताई, ती सही परत घेता येते का?"

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तिच्यावर तर कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्तीने जरा चिडूनच विचारलं, "अहो, सही करण्याआधी माहिती तरी घ्यायची!" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "माहिती होती की. तुमच्याच शिबिरात ऐकलं होतं, मुलीचा मुलाइतकाच वाटा. पण सही केली नसती तर भाऊबीजेला जायचं कुठे?"

त्या दिवशी आम्हाला कुणालाच उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही ओशाळलो. वीस-पंचवीस वर्षं आम्ही गावोगाव वारसाहक्काचा कायदा सांगत फिरलो आहोत. १९५६ चा कायदा, मग १९९४ साली महाराष्ट्राने केलेली दुरुस्ती, मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती, ज्यात लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखी सहहिस्सेदार झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर हेही स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. कागदावर आता फारसं काही मागायचं उरलेलं नाही. आणि तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर, झाडाखाली, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बहिणी तुम्हाला कोणत्याही कामाच्या दिवशी दिसतील. त्यांना अडाणी म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती सवय किती चुकीची आहे हे मला लीला दुबे पुन्हा वाचायला घेतल्यावर कळलं.

पुन्हा म्हणते, कारण पहिल्यांदा वाचलं ते परीक्षेसाठी. आप्तसंबंधांवरचा पेपर आम्हा विद्यार्थिनींना कंटाळवाणा वाटायचा. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. ज्याच्यापासून नाती मोजायची तो 'अहं' बहुतेक वेळा त्रिकोणच असायचा. वर्तुळं रेघेच्या टोकाला लटकलेली. त्या आकृतीत चूल दिसत नाही, विहीर दिसत नाही, बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी दिसत नाही. आम्ही पाठ केलं, लिहिलं, विसरलो. पुढे चळवळीत आल्यावर तर ही सगळी विद्यापीठातल्या लोकांची चैन वाटायला लागली. हुंडाबळी, बलात्कार, पोलीस ठाणी यांतून सवड कुणाला होती मामे-आतेभावंडांची लग्नं मोजत बसायला?

लीलाबाईंचा रस्ता नेमका उलट्या बाजूने आला. त्या १९२३ साली एका मराठी घरात जन्मल्या. गायिका सुमती मुटाटकर या त्यांच्या भगिनी. शिक्षण नागपूर विद्यापीठात, आणि लग्न झालं ते मध्य प्रांतातल्या हिंदी बोलणाऱ्या घरात, मानवशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांच्याशी. म्हणजे ज्या दोन पद्धतींची पुढे त्या आयुष्यभर तुलना करणार होत्या, त्यांच्या सीमेवरून त्या स्वतः चालत गेल्या होत्या. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, सासू ही कधी आत्याच असते, सासर दोन कोसांवर असतं. उत्तरेकडे मुलगी गावाबाहेर, गोताबाहेर, अनोळखी माणसांत द्यायची, आणि मुलीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही अशी रीत. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या या नातेव्यवस्थांचा प्रदेशवार नकाशा मांडला, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मध्ये येतो. मराठी वाचकाला इरावतीबाई 'युगान्त'मुळे जवळच्या. त्यांचं हे दुसरं काम आपण तितकंसं उघडत नाही.

लीलाबाईंनी सुरुवात केली ती गोंड स्त्रियांपासून. पीएच.डी.चा प्रबंध त्यांच्यावरच. गोंड बाई रानात-शेतात पुरुषाच्या बरोबरीने राबते, काडीमोड घेऊ शकते, दुसरा घरोबा करू शकते. तरी वंश बापाचाच. हैदराबादजवळच्या शामीरपेट गावाचा नवऱ्याने जो अभ्यास केला, त्यात बायकांमध्ये वावरण्याचं काम त्यांनी केलं. त्या काळात संशोधकाच्या बायकोच्या वाट्याला हेच यायचं : तो गावच्या पुढाऱ्यांशी बोलणार, ही चुलीपाशी बसणार, आणि पुस्तकावर नाव त्याचं. ही गोष्ट मला आजही बोचते. पण चुलीपाशी बसल्यामुळे जे दिसलं ते मात्र पारावरून दिसलं नसतं, हेही खरं.

मग आलं लक्षद्वीपमधलं कल्पेनी बेट. या अभ्यासाचं पुस्तक १९६९ साली निघालं. मला विचाराल तर आपल्या प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी सांगावी अशी ही हकीकत आहे. बेटावरचे लोक मुसलमान, नमाज-रोजे पाळणारे. पण वंश आईकडून चालतो. आईच्या बाजूच्या सगळ्या माणसांचं मिळून एक तरवाड. लग्न झालं म्हणून मुलगी कुठे जात नाही. ती आपल्या आईच्या घरातच राहते. नवरा रात्री येतो आणि सकाळी आपल्या आईच्या, बहिणींच्या घरी परत जातो. मालमत्ता म्हणजे मुख्यतः नारळाची झाडं. तिचे दोन प्रकार, आणि त्यांना नावं वारांची. शुक्रवारची मालमत्ता तरवाडाची, ती आईकडून मुलींच्या वंशात जाणार, एकट्याने कुणी विकायची नाही. सोमवारची मालमत्ता स्वतः कमावलेली, तिला शरीयतप्रमाणे वाटणी लागू. धर्म एका जागी, नातेव्यवस्था दुसऱ्या जागी, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलेलं.

हे स्त्रीराज्य आहे असं लीलाबाई म्हणत नाहीत, आपणही म्हणू नये. तरवाडाचा कारभार वडीलधारा पुरुषच बघतो, होड्या आणि व्यापार पुरुषांच्याच हातात. पण तलाक झाला तर तिथल्या बाईला ट्रंक भरायची वेळ येत नाही. मुलं कुणाची हा प्रश्न उठत नाही. ती जिथे जन्मली तिथेच आहे, तिच्या डोक्यावरचं छप्पर नवऱ्याच्या मर्जीचं नाही, आणि भावाच्याही नाही. आमच्या केंद्रातल्या त्या बाईला पडलेला प्रश्न कल्पेनीतल्या बाईला सांगितला, तर तिला तो समजावून द्यायलाच बराच वेळ लागेल.

म्हणजे बाईची दुबळी अवस्था तिच्या स्वभावात नाही, धर्मातही सरसकट नाही. लग्नानंतर कोण कुठे राहायला जातं, मूल कुणाचं मोजलं जातं, जमीन कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाते, या अगदी साध्या, रोजच्या व्यवस्थेत ती घडवली जाते. लीलाबाई स्त्रियांच्या अभ्यासाकडे आल्या त्या या वाटेने. आधी नाती, मग नात्यांतली सत्ता. १९७१ साली भारत सरकारने स्त्रियांच्या स्थितीबद्दल समिती नेमली, तिच्या त्या सदस्य होत्या. १९७४ चा 'टुवर्ड्‌स इक्वॅलिटी' हा अहवाल तो हाच. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ असलेल्या स्त्रिया १९७१ मध्ये ९३० वर आल्या, हे त्याने ठळकपणे पुढे आणलं आणि स्वातंत्र्यानंतर सगळं आलबेल आहे म्हणणाऱ्या शिकलेल्या बायकांची झोप उडवली. तोपर्यंत सागर विद्यापीठात मानवशास्त्र शिकवणाऱ्या लीलाबाई पुढे देशातल्या स्त्री-अभ्यासाच्या उभारणीत ओढल्या गेल्या. परिषदा, संपादनं, आग्नेय आशियाशी तुलना, आणि १९९७ चं 'विमेन अँड किनशिप'. थायलंड, मलेशिया, फिलिपाइन्ससारख्या देशांत मूल दोन्ही बाजूंचं मानलं जातं, मुलीला वाटा मिळतो, नवरा तिच्या घरी राहायला येऊ शकतो, आणि बाई बाजारात निर्धास्त व्यवहार करते. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्यांनी दाखवलं.

त्यांचा 'सीड अँड अर्थ' हा १९८६ मधला लेख मी केंद्रातल्या सगळ्यांना मराठीत समजावून सांगितला. पुरुष बी, बाई जमीन ही कल्पना आपल्याकडे मनुस्मृतीपासून न्हाणीच्या विधीपर्यंत पसरलेली आहे. ऐकायला निसर्गातलीच वाटते. लीलाबाई म्हणतात, नीट बघा, ही मालकीची भाषा आहे. पीक बियाच्या धन्याचं. जमिनीने कितीही कस दिला तरी पिकावर तिचा हक्क नाही, आणि जमिनीलाही एक धनी लागतोच. जी स्वतःच जमीन, ती जमिनीची मालक कशी होणार? हे सांगून झाल्यावर आमची एक सफाई कामगार मैत्रीण म्हणाली, "म्हणूनच होय, बाई नवऱ्याला सोडते तेव्हा आधी म्हणते, पोरं त्यांची हायेत, ठेवून घेऊ देत." आम्ही सगळ्या गप्प. किती वेळा ऐकलं होतं हे वाक्य, आणि फाइलीत 'मुलांचा ताबा सोडण्यास तयार' असं लिहून मोकळ्या झालो होतो!

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं बंधनकारक केलं, तेव्हा पेढे वाटले गेले. वाटावेतच. पण क्रम बघा : मुलाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, आणि शेवटी आडनाव. आडनाव बियाचंच.

नात्यांकडे बघायला शिकलेली बाई काय पाहू शकते याचं एक उदाहरण सांगते, कारण त्यात आपल्याही राज्याची लाज अडकलेली आहे. १९८३ साली गर्भजल परीक्षेचा मुलगी पाडण्यासाठी वापर सुरू झाल्यावर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक वाद झाला. अर्थशास्त्राच्या विदुषी धर्मा कुमार यांनी मांडलं की मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल. जन्मून उपासमार आणि हेळसांड भोगण्यापेक्षा न जन्मणं काय वाईट? बाजाराच्या हिशेबात हे बसतं. लीलाबाईंनी उत्तर दिलं की बाई म्हणजे बाजारातला कांदा नव्हे. जिथे बायका आधीच कमी आहेत तिथे त्यांना मान मिळतो असं कुठे दिसतं? तिथे पळवापळवी, बलात्कार, एकीवर अनेक भावांचा हक्क, हेच वाढेल. अनेकांना हा कांगावा वाटला असेल. आज हरयाणात आसाम, बंगाल, ओडिशा, झारखंडमधून पैसे मोजून बायका आणल्या जातात आणि तिथली माणसं त्यांना 'मोलकी' म्हणतात, म्हणजे मोलाने आणलेली.

महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी गर्भलिंग परीक्षेविरुद्ध कायदा केला. मुंबईच्या मैत्रिणींनी त्यासाठी रक्त आटवलं. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला : आम्हाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंग परीक्षेचा कायदा नीट राबवा. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून फोटो छापले. मला त्यात गंमत वाटली नाही. मागणी बरोबर होती, कारण मात्र पुन्हा तेच, आम्हाला बायको हवी. घोड्यावरचा एक तरी, माझ्या बहिणीच्या नावाने सातबारा करा, असा फलक घेऊन बसला असता तर मीही वाजंत्र्यांत सामील झाले असते.

लीलाबाईंच्या लिखाणाबद्दल माझ्या काही तक्रारीही आहेत. पितृवंशीय हिंदू मुलींच्या घडणीवरचा त्यांचा १९८८ चा लेख फार महत्त्वाचा. मुलीने कसं बसायचं, किती खायचं, कुणाच्या आधी जेवायचं, नवरात्रात कुमारिका म्हणून पाय धुवून घ्यायचे आणि वयात आल्यावर कोपऱ्यात बसायचं, हे सारं त्यात आहे. पण 'हिंदू मुलगी' या शब्दाखाली वाड्यातली मुलगी आणि ऊसतोडीच्या कोपीतली मुलगी एकत्र कोंबल्या जातात. दलित मैत्रिणींनी नव्वदीत हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच विचारला, आणि तो रास्त होता. १९९६ च्या 'जात आणि स्त्रिया' या विषयावरच्या लेखात लीलाबाईंनी जातीची कुंपणं बाईच्या शरीरावरून आणि स्वयंपाकघरातून कशी राखली जातात हे दाखवलं, तेव्हा थोडी भरपाई झाली. पण जिच्या बापाकडे गुंठाभर जमीन नाही तिला हक्कसोडपत्राचं काय? तिचा प्रश्न गायरानाचा, घरकुलाचा, आणि जातपंचायत वाळीत टाकेल या भीतीचा. नात्यांचा अभ्यास तिच्यापासून सुरू केला असता तर वेगळा दिसला असता असं मला वाटतं. आपण तो करायला हवा. विद्यापीठाची वाट न बघता.

तर मुद्दा असा. त्या बाईने सही केली ती कायदा ठाऊक नव्हता म्हणून नाही. तिने हिशेब केला. एका पारड्यात अर्धा-पाऊण एकर कोरडवाहू, जी नावावर झाली तरी कसणार भाऊच. दुसऱ्या पारड्यात माहेर : दिवाळीचे दोन दिवस, बाळंतपण, मुलीच्या लग्नात मामाने धरायचा अंतरपाट, नवऱ्याने मारलं तर रात्री दार ठोठवायला एक घर. आपल्या व्यवस्थेत बाईचं घर कुठलंच नसतं. 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून एका घराने निरोप दिलेला, दुसऱ्या घरात 'बाहेरून आलेली'. या दोघांच्या मध्ये भाऊ नावाचा एक पूल असतो, आणि त्या पुलाचा टोल म्हणजे ती सही. तिचा हिशेब फसला, पण तो वेडेपणाचा नव्हता. आपण तिला अर्धाच हिशेब शिकवला. हक्क सांगितला, तो मागितल्यावर माहेर तुटलं तर आम्ही काय करू, हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं आमच्याजवळ काही नव्हतं.

आता आम्ही शिबिराची सुरुवात कायद्याने करत नाही. जमिनीवर खडूने प्रत्येकीने आपल्या घराची आकृती काढायची, त्रिकोण-वर्तुळांची, पण 'अहं'च्या जागी स्वतःचं वर्तुळ. मग लिहायचं : माझी झोपायची जागा कोणती, माझ्या नावावर काय आहे, मी रागावून निघाले तर कुठे जाईन. तिसऱ्या प्रश्नापाशी खडू थांबतात. सासवाही काढतात, आणि त्यांच्या आकृत्या सुनांसारख्याच निघाल्यावर जरा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही. भावांनाही बोलवावं असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. माझा त्याला विरोध होता, आता तितकासा नाही. शेवटी त्या कार्यालयात बहिणीला घेऊन तोच जातो, आणि त्यालाही कुणी दुसरी रीत शिकवलेली नाही. बहिणीचा वाटा देऊनही भाऊबीज करणारी घरं तुरळक का होईना पण आहेत. ती शोधून त्यांना बोलतं करायचं काम आपल्या अंकांनी केलं पाहिजे. अत्याचाराच्या बातम्या आपण भरपूर छापतो.

आणखी एक ठरवलं आहे. हक्कसोडपत्राला निघालेली बाई केंद्रात सांगून गेली, तर आमच्यातली एक जण तिच्यासोबत जाते. सही करू नको असं सांगायला नाही. नुसती शेजारी बसायला, आणि कागद तिला वाचून दाखवायला. आजवर चौघींबरोबर गेलो. दोघींनी सही केली. तिसरीने भावाला सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू, आणि तो पुढचा महिना अजून आलेला नाही. चौथीबरोबर मी स्वतः होते. ती कार्यालयाच्या आवारात जीपमध्येच बसून राहिली. भाऊ आत रांगेत उभा होता, मध्येच बाहेर येऊन म्हणाला, "आक्का, नंबर आलाय." ती म्हणाली, "हो, आले." आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत तशीच बसून राहिली.